घोटेरावाची चाल

परभणी, ९ जून १९५८

शाळा आज उघडली. सातवीच्या पोरांना पेरू काढायला दिला. निम्म्यांनी भोपळा काढला आणि मी सगळ्यांना सारखेच गुण देऊन टाकले, कारण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिशात पंडितचं पत्र होतं. पंडित आणि मी हैदराबादला एकाच वर्गात चित्रकला शिकलो. मी ड्रॉइंग मास्तर होऊन परभणीला आलो, तो मुंबईला जाऊन एका फिल्म कंपनीच्या कार्टून खात्यात चिकटला.

त्यांच्याकडे सरकारी प्रचाराचा एक छोटा चित्रपट आलाय, नारूवर, म्हणजे पायातून दोऱ्यासारखा निघणाऱ्या त्या किड्यावर. आमच्या भागात लोक बारवेच्या पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालतात. ज्याच्या पायाला नारू, त्याच्यापासून तो पाण्यात जातो आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभरानं बाहेर येतो. हे लोकांना हसत-खेळत दाखवायचं. मुंबईच्या चित्रकारांनी बारव पाहिलेली नाही, तेव्हा मुख्य पात्र मी घडवून द्यायचं. समोरून, बाजूनं, पाठमोरा, हसताना, घाबरताना, चालताना. त्यावरून ते हजारो चित्रं काढणार. पडद्यावर माझं नाव येणार म्हणतो.

कोकिळेला म्हटलं, "बघ, आता माझी चित्रं हलणार, चालणार."

"आधी तुमी हला," ती म्हणाली. "गिरणी बंद व्हायच्या आत दळण आणा."

परभणी, २८ जून

फेटा, झुपकेदार मिशा, माठासारखं पोट. नाव ठेवलं घोटेराव, कारण जिथं पाणी दिसेल तिथं घोट घेतल्याशिवाय तो पुढं जात नाही. चांगले आठ-दहा कागद रंगवून पाठवले होते. पंडितनं परत केले. लिहितो, "चंद्रभान, हा माणूस नाही, तंबाखूच्या पुडीवरचा छाप आहे. फेटा आहे, पण फेट्याखाली कोणी राहत नाही. हा पाणी कसा पितो? पिण्याआधी काय करतो? एकटा असला की कसा चालतो? ते आधी शोध, नाक-डोळे मागाहून येतील."

राग आला. मुंबईला गेलं की माणसाला शिंगं फुटतात. मग जेवून बसलो आणि घोटेराव चिक्कू काढून पाहिला, बढाईखोर काढून पाहिला, भित्रा काढून पाहिला. प्रत्येक वेळी फक्त भुवया बदलत होत्या. पंडितचं खरं आहे, हे इथं लिहायला हरकत नाही.

परभणी, १३ जुलै

सापडला! घोटेराव सापडला!

अधिक महिना लागतोय, तेव्हा धोंड्याच्या जेवणाचं आवतण द्यायला मामा पेडगावहून आले होते. मामा म्हणजे माझे सासरे बन्सीधर. ऊन चांगलंच होतं. कोकिळेनं तांब्या दिला, पण त्यांना तांब्यानं पिणं जमतच नाही. अंगणात वाकून त्यांनी ओंजळ धरली, तिला म्हणाले, "वत माय." ओंजळ भरल्यावर ती लगेच तोंडाला लावली नाही. आधी वर उचलून सूर्याला दाखवली. मग एक डोळा मिटून आत पाहिलं, पाण्याची ओळख पटली तशी मान हलवली, आणि मग प्याले. ओले हात मानेवरून, मग टकलावरून. मग "हाऽऽ" असा हुंकार आणि एक भुवई वर, तिच्या मागोमाग दुसरी.

इतकी वर्षं मी हे पाहतोय आणि आज पाहिलं. शाळेच्या एका परिपत्रकाच्या पाठीवर तिथंच काढून घेतलं.

"काय लिवायलाव जावईबापू?" मामांनी विचारलं.

"शाळेचं काम, मामा."

खोटं बोलायचं काय कारण होतं, कळत नाही. सासऱ्याचं चित्र काढणं हा काही गुन्हा नाही.

पेडगाव, २७ जुलै

धोंड्याचं जेवण झालं. पुरणाचे धोंडे, अनारसे, तूप. पोटाला तडस लागलीय. पण झोप येईना म्हणून लिहितो.

जेवणाआधी मामा माझे पाय धुवायला बसले. त्यांचा डावा गुडघा वाकत नाही, जुना नारू आहे. म्हणून तो पाय आधी बाजूला लांब सोडायचा, एक हात जमिनीला टेकायचा, मग सगळं अंग हळूच खाली. आणि बसल्यावर ह्यात काही विशेष झालंच नाही अशा थाटात भुवई वर. ते माझ्या पायांवर पाणी घालत होते आणि मी मनातल्या मनात रेघा ओढत होतो. मामींनी कुंकू लावलं, अनारशांच्या ताटात दिवा ठेवून माझ्या हातात दिलं, डोळे मिटून नमस्कार केला. अधिकात जावई म्हणजे नारायण. आणि नारायणाचं सगळं लक्ष सासऱ्याच्या गुडघ्यावर.

दुपारी शेताकडे मुद्दाम त्यांच्या मागं राहून चाललो. डावा पाय कमरेपासून बाहेर फेकतात, तो अर्धा वर्तुळ करून जमिनीवर येतो. त्या झोक्यानं उजवा खांदा खाली जातो, जणू रस्त्यातल्या प्रत्येकाला रामराम घालतायत. धोतराचा सोगा दोन बोटांत. अशी चाल कोणाला डोक्यातून सुचणार नाही.

संध्याकाळी त्यांनी वही पाहिलीच. आता सांगणं भाग होतं. मी म्हटलं, सरकार सिनेमा काढतंय, त्यात गावचा एक माणूस दाखवायचाय.

"मंग मला कामून काढायलाव?"

"तुमच्यासारखा अस्सल माणूस कुठं मिळणार, मामा?"

यातला एक शब्दही खोटा नव्हता. पण त्यांचं तोंड असं उजळलं की मला पुढचं सांगवेना. लगेच मामींना हाक मारली. "आगं ऐकलं का, सरकारच्या शिनिमात माजी तसबीर जायलीय!" मग उद्या काढायच्या वेळी कोट घालू का, म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, कोट नको, तुम्ही नेहमीसारखे वागा.

परभणी, १० ऑगस्ट

आज कोकिळेनं चित्रं पाहिली. सगळी जमिनीवर मांडली होती, ओळीनं. पहिल्या दोन-तीनांत तिला कोणी दिसलं नाही. मग ओंजळीच्या चित्रापाशी ती थांबली आणि हसली. "माजा दादाच की!" बापाला ती दादा म्हणते. पुढं सरकत गेली तसं हसू कमी होत गेलं. चालीच्या कागदापाशी खालीच बसली.

"हा कोन हाय शिनिमात?"

मी गोष्ट सांगितली. घोटेरावाच्या पायाला नारू आहे, तरी तो बारवेत उतरतो, साऱ्या गावाला नारू होतो, शेवटी त्याला अक्कल येते.

ती म्हणाली, "दादाचा पाय कशानं गेला, मालूम हाय का तुमाला?"

मला एवढंच ठाऊक होतं की नारू ओढताना तुटला आणि गुडघ्यात गाठ बसली. तिनं सांगितलं ते लिहून ठेवतो. रझाकाराच्या वर्षी गावातल्या बाया-पोरी पंधरवडाभर तुरीच्या रानात लपल्या होत्या. कोकिळाही त्यात होती. पाणी आणायचं कसं? विहिरीवर रहाट फिरवला तर कुरकुर अर्ध्या गावाला ऐकू जाते. म्हणून अंधार पडला की दादा पडक्या बारवेत उतरायचा. तिथलं पाणी कोणी पीत नव्हतं, शेवाळ बाजूला करून घागर बुडवावी लागायची. घागर देण्याआधी तो स्वतः ओंजळभर पिऊन बघायचा. बायांना देताना पदरातून गाळून घ्या म्हणायचा. स्वतः कशातून गाळणार? दुसऱ्या साली नारू निघाला.

"ओंजळीत बगायची सवय तवापासून हाय," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

परभणी, १४ ऑगस्ट

चालीचे दोन संच केलेत. एकात घोटेराव नुसता डुलत चालतो, जाड माणसासारखा. दुसऱ्यात मामांची चाल.

पहिला संच पाकिटात घातला होता, डिंकही लावला होता. मग म्हटलं, एकदा शेजारी ठेवून पाहू. पहिला मेलेला आहे. दुसऱ्याचे कागद एकावर एक धरून अंगठ्यानं भराभर सोडले की तो माणूस खरंच चालतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची रेघ कागदावरून उठून चालली. पंधरा वर्षं पेरू आणि सुरई काढून घेतोय मी पोरांकडून.

पाय उजवा केला. मामांचा डावा आहे. आता कोणी म्हणायला जागा नाही.

दुसरा संच पाठवला. कोकिळेनं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

परभणी, २३ नोव्हेंबर

पंडितचं पत्र. त्याच्या खात्यातली सगळी माणसं म्हणे चहाला जाताना घोटेरावासारखी चालतात. साहेब ओंजळ वर करून 'हाऽऽ' करतात. "पात्र असं जमावं लागतं," लिहितो. पत्र तीनदा वाचलं. आनंद झालाच, नाही कशाला म्हणू? रात्री जेवण गेलं नाही.

परभणी, २२ फेब्रुवारी १९५९

प्रचाराची मोटार जिल्ह्यात आली आहे. परवा पालमला चित्रपट दाखवला, लोक पोट धरून हसले म्हणे. ८ मार्चला पेडगाव. कचेरीत जाऊन ड्रायव्हरला भेटलो, दुसरं एखादं गाव आधी घेता येईल का म्हणून. तो म्हणाला, "मास्तर, लोक आपल्या गावाला मोटार यावी म्हणून मागं लागतात, तुम्ही उलटंच सांगताय." खरं कारण सांगायचं तर चित्र कोणाचं, हेही सांगावं लागलं असतं.

मामांकडे जाऊन आधीच सांगून टाकावं, असं ठरवलं. रविवारी जाईन.

परभणी, १ मार्च

गेलो नाही. पेपर तपासायचे होते. थोडेच होते.

पेडगाव, ८ मार्च

मामांनी घरोघर आवतण दिलं होतं. मला हे इथं आल्यावर कळलं. चार दिवस ती चाल घेऊन गल्ल्या-गल्ल्यांतून फिरले. "माजा शिनिमा हाय, जावायानं काढलाय, समदे या." कोट घातलेला, नवा फेटा बांधलेला. पडद्यासमोर सगळ्यांत पुढं बसले आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं. बायकांच्यात मामी आणि कोकिळा.

पडद्यावर आधी बारव आली. मग तिच्या काठाआडून फेटा वर येताना दिसला, मग मिशा. घोटेराव पायऱ्या उतरला, ओंजळ भरली, सूर्याला दाखवली, एक डोळा मिटला. 'हाऽऽ'. एक भुवई, मग दुसरी.

मागून एक पोरगं ओरडलं, "आरं, बन्सीआबा!"

मग जे हसू फुटलं, तसं मी कधी ऐकलं नाही. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. घोटेराव चालायला लागला तसं काही पोरं उठून पडद्यासमोरच तशी चालायला लागली. पाय उजवा की डावा, कोणाच्या ध्यानातही आलं नाही. त्यानं पाण्यात पाय घातला, पाण्यातून किडे नाचत निघाले, एकेका घरात शिरले, आणि प्रत्येक घरातून लोक लंगडत बाहेर आले. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "समद्या गावाला यानंच लावला की!" पुन्हा हशा.

मी मामांकडे पाहायला घाबरत होतो. पाहिलं तर ते हसत होते. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मांडीवर थाप मारून हसत होते. माझा जीव भांड्यात पडला. उगाच आठ महिने मनाला खात बसलो. गावची माणसं मोकळी असतात, चेष्टा चेष्टेसारखी घेतात.

संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्यो शेवटाला सुधरतो न्हव?"

"हो मामा, गाळून प्यायला लागतो."

"मंग बरं झालं."

घरी येताना ते आमच्या सगळ्यांच्या मागून आले. मी दोनदा थांबलो, तर तेही थांबले. "व्हा म्होरं, येतो मी," म्हणाले. सिनेमानं दमले असतील. एरवी ते पुढं असतात.

परभणी, २९ मार्च

चित्रपटाचा उपयोग होतोय. पेडगावात बारवेच्या पायऱ्यांवर भिंत घातली. बायका घागरीच्या तोंडाला फडकं बांधतात. आरोग्य खात्याच्या माणसानं शाळेत येऊन हेडमास्तरांसमोर माझं अभिनंदन केलं. चार लोकांच्या पायाचा नारू टळला तर माझ्या मनाच्या टोचणीला काय किंमत? असं मी स्वतःला दिवसभर समजावलं.

कोकिळा आठ दिवस माहेरी राहून आज आली. तिनं सांगितलं. भावकीतल्या एका लग्नात दादा पाण्याच्या हंड्यापाशी गेला, तर वाढणारी पोरं म्हणाली, "घोटेराव, हंड्याला हात लावू नगा, वऱ्हाडाला नारू व्हईल." मांडव हसला. दादाही हसला. मग हात मागं घेतला आणि तसाच पंगतीत बसला. त्याच्या पायाला जखम राहिलेली नाही कित्येक वर्षं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आता तो कोणाच्या घरी पाणी पीत नाही. काठी घेतलीय. शेताकडं गावातून न जाता मागच्या पांदीनं जातो.

"चेष्टा आहे गं," मी म्हटलं. "चार दिवसांत विसरतील."

"वाईट काढलं असतं तर इसरले असते," ती म्हणाली. "तुमी लय चांगलं काढलंय."

ती पिशवीतनं मामींनी दिलेल्या कुरडया काढत होती. माझ्यासाठी वेगळ्या बांधल्या होत्या, दर वर्षी देतात तशा.

परभणी, १० मे

पंडित लिहितो, दुसरा चित्रपट मिळाला, देवी टोचून घेण्याबद्दल. घोटेरावच हवा म्हणतात. पण आता त्याला राग आणायचाय, हट्टाला पेटलेला हवाय. "त्याला जाऊन आणखी थोडा पाहून घे," लिहितो. हा माणूस खराखुरा कुठंतरी बसलेला आहे, हे त्यानं बरोबर ओळखलंय.

नकार कळवायला बसलो. कागद समोर आहे.

परभणी, १७ मे

सकाळी पेडगावला गेलो. माफी मागायला जातो, असं कोकिळेला सांगितलं होतं. मग पिशवीत वही कशाला, हे तिनं विचारलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं.

मामा ओट्यावर होते. मला पाहून आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले ते कोट घालून, फेटा बांधून. मेच्या उन्हात कोट! काठी धरून उभ्यानं भिंतीला टेकले, मग मामींनी आतून आणलेल्या लाकडी खुर्चीवर बसले. दोन्ही हात उपरण्याखाली घेतले.

"काढायला आलाव न्हव? काढा."

"नाही मामा, सहज आलो."

"काढा की. सरकारी काम हाय." शब्दांत राग नव्हता. मी पिशवीकडं पाहिलं, ते त्यांनी पाहिलं. मग मी वही काढली. का काढली, देव जाणे. पेन्सिल हातात असली की निदान खाली बघता येतं.

ते बसले. भुवई हलली नाही, खांदा हलला नाही. फेट्याखालून घाम कानशिलावर आला, तो पुसायलाही हात वर आला नाही. मी बैलांचं विचारलं, आंब्याचं विचारलं. "व्हय." "न्हाई." मामींनी तांब्या आणि पेला त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी तिकडं पाहिलं नाही.

"मामा," मी शेवटी म्हणालो, "माझं चुकलं. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

"कशाचं वो? लोकाचा नारू गेला. बेस झालं."

बस्स. मोठी माफी तोंडात आणून मी आलो होतो, ती त्यांनी अशी दोन वाक्यांत परत केली. ह्यापुढं काय बोलायचं? मला वाटलं, बसून राहावं. बसता बसता ते सैल होतील, काहीतरी बोलतील, जुनं होईल सगळं. ऊन ओट्यावर चढत आलं. त्यांचे ओठ सुकले होते, बोलताना पांढरे दिसत होते. कागदावर मी एकही रेघ ओढली नव्हती, आणि तरी त्यांचे हात उपरण्याखालीच होते.

मामी उंबऱ्याशी आल्या. माझ्या लग्नापासून त्या माझ्याशी पदर पुढं ओढून, दुसरीकडं बघून बोलतात. आज सरळ माझ्याकडं बघितलं.

"जावईबापू, उठा आता तुमी," त्या म्हणाल्या. "त्येंला पानी प्याचं हाय."